आकड्यांआधीची दोन अक्षरं

निखिलनं नवी गाडी बुक केली आणि जयपुरातल्या आमच्या मानसरोवरच्या घरात आठवडाभर एकच चर्चा सुरू झाली. रंगाची नव्हे, रंग सूनबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकला होता. चर्चा नंबरची. ओवीचा, म्हणजे माझ्या नातीचा, वाढदिवस एकवीस ऑगस्टला असतो, म्हणून निखिलला गाडीवर २१०८ हवा होता. शोरूमवाल्यानं सांगितलं, मिळेल की. पण पसंतीचा नंबर म्हणजे वेगळी फी, आणि तोच नंबर आणखी कुणाला हवा असला तर बोली लावायची.

"आई, तू पूरी जिंदगी गाड्यांच्या इन्शुरन्समध्ये काढलीस," तो जेवता जेवता म्हणाला. "तूच सांग ना. मतलब, एवढे पैसे घालणं वर्थ आहे का?"

माझा मुलगा जयपुरात वाढला. त्याचं मराठी असंच, अर्धी पोळी नि अर्धा पराठा. "तुझे पैसे, तू बघ," असं म्हणून मी त्याला गप्प केलं. त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "ताई, तुमच्या नोकरीतलं काहीतरी गमतीदार लिहून द्या की." दोघांनाही द्यायचं उत्तर माझ्याकडे एकाच फायलीत आहे, आणि ते गमतीदार नाही, हे आधीच सांगते. ज्यांना फराळाबरोबर हलकंफुलकं काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी मूळची कऱ्हाडची. सरकारी विमा कंपनीत लागले, बदली होऊन जयपूरला आले. ह्यांनाही बँकेनं इथलीच शाखा दिली, आणि "तीन वर्षं काढू नि जाऊ परत" असं म्हणत म्हणत इथंच केस पांढरे झाले. नोकरीतली बहुतेक वर्षं मोटारीच्या दाव्यांच्या टेबलावर गेली. लोकांना वाटतं, विम्याचं ऑफिस म्हणजे हप्ते भरायची खिडकी. अहो, खिडकीच्या मागे खरा कारखाना असतो. तिथं दिवसभर फुटलेल्या काचा, चेपलेली दारं आणि मेलेली माणसं येतात, सगळी कागदावर.

दोन प्रकारचे दावे असतात. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी ठोकली, दुरुस्तीचा खर्च द्या. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीनं कुणाला उडवलं, तर त्या माणसाला किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना भरपाई. ही भरपाई कोर्ट ठरवतं, विमा कंपनी देते. मेलेल्या माणसाचं वय किती, कमाई किती, खाणारी तोंडं किती, असा हिशेब होतो, आणि गरीब घराला त्यातून खरोखर उभं राहता येतं.

पण यात एक अट आहे. कोणत्या गाडीनं उडवलं ते सिद्ध व्हायला हवं. गाडी सापडलीच नाही तर सरकारची एक ठरावीक रक्कम मिळते, आणि ती कोर्टातल्या भरपाईच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून आमच्या टेबलावर गाडीच्या नंबरला केवढं मोल होतं, हे शोरूमवाल्यांना कळायचं नाही. नंबर मिळाला तर पोरांच्या शाळा चालू राहायच्या, नाही मिळाला तर बंद पडायच्या. इतकं सरळ होतं ते.

आता हौशी नंबरांविषयी. जयपूरच्या लोकांना त्याचं जे वेड आहे ते मी बाहेर कुठं पाहिलं नाही. एक गुप्ताजी होते वैशाली नगरचे. त्यांच्या पंडितजींनी सांगितलं, आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे, आणि शेवटचा आकडाही नऊच हवा. बिचाऱ्यानं बोलीत उतरून, दोन महिने थांबून तो नंबर मिळवला. वर्षाच्या आत अजमेर रोडवर गाडीचा चक्काचूर. स्वतः वाचले, देवाची कृपा. माझ्यासमोर येऊन बसले, गाडीच्या किमतीचं बोलून झालं, आणि मग खालच्या आवाजात विचारतात कसे, "मैडम, और नंबर का जो पैसा लगा था, वो?"

मी म्हटलं, नंबरचा विमा नसतो हो. गाडीच्या किमतीत तो धरतच नाहीत.

"पर पंडितजी ने तो कहा था, इस नंबर पर कभी आँच नहीं आएगी."

आमचे सर्वेअर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नंबर पे नहीं आई, साहब. मैं देखके आया हूँ, प्लेट पे एक खरोंच नहीं है." गुप्ताजी गेल्यावर आम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलो. माणसं अशा नोकरीत हसतात, नाहीतर टिकणं कठीण.

दुसरं वेड मात्र हसण्यासारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. इथल्या बड्या घरांत एक चाल आहे. एका घराण्याचा एक आकडा. वडिलांच्या गाडीचा जो नंबर, तोच थोरल्याच्या, तोच धाकट्याच्या, तोच सुनेच्या गाडीचा. नवीन गाडी आली की नवीन सिरीज सुरू व्हायची वाट बघायची आणि तेच चार आकडे पुन्हा घ्यायचे. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. पाटीवर आधी राज्य, मग आरटीओचा आकडा, मग सिरीजची इंग्रजी अक्षरं, आणि शेवटी ते चार आकडे. चार आकडे सारखे असले तरी मधली अक्षरं वेगळी असतात. दोन गाड्यांत फरक असतो तो त्या दोन अक्षरांचा.

आणि ती अक्षरं कोण वाचतं? हल्लीच्या सरकारी पाट्या सगळ्या एकसारख्या असतात. पण मी सांगतेय तेव्हा लोक पाट्या हौसेनं रंगवून घ्यायचे. आकडे तळहाताएवढे, अक्षरं वरच्या कोपऱ्यात मोहरीएवढी. पोलीससुद्धा आकडे बघून सलाम ठोकायचे.

असंच एक घराणं होतं. नाव लिहीत नाही. धंदा मोठा, बंगला मोठा, पाच गाड्या, आणि पाचही गाड्यांवर चार वेळा सात. पाचही गाड्यांचा विमा आमच्याच ऑफिसात. त्यांचा मुनीम नूतनीकरणाला यायचा तेव्हा सगळ्या स्टाफसाठी कचोऱ्या आणायचा. मीही खाल्ल्या आहेत, खोटं कशाला बोलू?

तर आता ती फाईल. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. सांगानेरला रामधन नावाचा एक छापकाम करणारा माणूस होता. लाकडी ठशांनी चादरी छापायचा. संध्याकाळी काम आटपून तो आणि त्याची बायको कैलाशी घरी निघाले होते. तो सायकल हातात धरून चालत होता, सायकलवर ठशांची पेटी. ती दोन पावलं मागे. मागून मोठी पांढरी गाडी आली, रामधनला उडवलं, क्षणभर थांबली, आणि गेली. त्या क्षणभरात कैलाशीनं पाटी पाहिली. रामधन रस्त्यातच संपला.

पोलिसांत तिनं सांगितलं, सफेद गाडी, चार सात. समोरच्या चहावाल्यानंही तेच सांगितलं. चहावाला शिकलेला होता, इंग्रजी वाचता येत होतं त्याला. पण त्यानंही फक्त सातच पाहिले. त्याला विचारलं तर म्हणाला, "साब, ऐसा नंबर दिख जाए तो आगे-पीछे कौन पढ़ता है?"

पोलीस त्या घराण्याच्या बंगल्यावर गेले. तिथं वडिलांची गाडी दाखवली गेली. चकचकीत, ओरखडा नाही. बाकीच्या गाड्या बाहेरगावी आहेत म्हणाले. पोलिसांनी वडिलांच्या गाडीचे कागद फायलीला जोडले आणि काही महिन्यांनी गाडीचा शोध लागला नाही म्हणून तपास बंद केला. कैलाशीच्या वकिलानं भरपाईचा दावा टाकला तो त्याच गाडीवर, कारण त्याच्या हातात कागद तेवढेच होते. दावा आमच्यावर आला आणि फाईल माझ्या टेबलावर.

मला एक खोड होती. नुसत्या कागदांवर मी कधी काम केलं नाही. तपासनीस नेमायची सोय होती, पण मी स्वतः जायचे. साडी खोचून, रिक्षा करून, पत्ता विचारत. याचा मला फार अभिमान होता. आमचे साहेब नवीन लोकांना सांगायचे, मैडम से सीखो, केस सूँघ के आती हैं.

तशी मी सांगानेरला गेले. एक खोली, पुढं ओटा, दोरीवर छापलेल्या चादरी वाळत घातलेल्या. कैलाशी तिशीची असेल. दोन मुली, थोरली आठवीत, धाकटी पहिलीत. मी विमा कंपनीची आहे हे मी सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. पण तिला वाटलं, विमावाली म्हणजे पैसे द्यायला आलेली. तिनं मला खाट दिली, शेजारून दूध आणून चहा केला. तिनं सगळं सांगितलं, रडली नाही. मुलींच्या शाळेचं बोलली. म्हणाली, "पीसा मिल जावै तो बडी को दसवीं करा द्यूँ, मैडमजी. घणी हुसियार छै." घरातला कमावता हात गेला होता, ती स्वतः कपडे धुवायचं काम करत होती आणि थोरलीला आपल्याबरोबर न्यावं लागेल अशी वेळ आली होती. तिला हवं होतं ते एवढंच, थोरली शाळेत राहावी.

मी विचारलं, चार सात तुम्ही नक्की पाहिले?

तिनं बोट ओलं करून ओट्यावर चार सात काढले. रेघ सरळ, चारही अगदी एका मापाचे. छापकाम करणारं घर ते, नक्षी डोळ्यांत बसते त्यांच्या.

मग मी विचारलं, आणि वर काय लिहिलं होतं?

"ऊपर छोटो-छोटो कांई छो. अंगरेजी."

मी फायलीच्या मागच्या बाजूला मोठा ए काढला आणि विचारलं, हे काय आहे?

ती हसली. तिथं गेल्यापासून पहिल्यांदाच हसली ती. म्हणाली, "झोंपड़ी छै?" मग लाजून म्हणाली, "गिणती आवै छै मैडमजी, नोट गिणबा जोगी. अंगरेजी का आखर कोनी आवै."

मी चहा संपवला, थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि रिक्षात बसल्या बसल्या वहीत लिहिलं. साक्षीदारास इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. उलटतपासणीत सिरीज विचारावी.

हे मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला वाईटसुद्धा वाटलं नाही. वाटला तो आनंद, एखादी हरवलेली किल्ली सापडावी तसा. कंपनीचे पैसे वाचवणं हे माझं काम होतं आणि मी ते चांगलं करत होते.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. आमच्या वकिलांनी फार काही केलं नाही. आवाजही चढवला नाही. त्यांनी कागदावर पाच पाट्या लिहून आणल्या होत्या. म्हणाले, "कैलाशीजी, चार सात वाली पाँच गाड़ियाँ हैं. इन पाँचों में से कौनसी थी? ऊपर के अक्षर पढ़के बताइए."

तिनं कागद हातात घेतला. बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि सगळीकडं बघितलं. मला शोधत होती ती, हे मला कळलं. आपल्या घरी चहा पिऊन गेलेली बाई इथं ओळखीची आहे, ती सांगेल, अशी तिची समजूत असावी. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"साब, म्हनै आखर कोनी आवै," ती म्हणाली. कारकुनानं ते टंकून घेतलं. दहा मिनिटांत काम संपलं.

त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "क्या पॉइंट पकड़ा मैडम, वाह." मी थोडी फुगलेसुद्धा.

आता पुढचं. निकाल यायला दोन महिने होते. मार्च महिना, आमच्याकडे जुन्या फायली निकाली काढायची घाई. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे जे दावे गिऱ्हाइकानं मागे घेतले होते, त्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. सह्या करायच्या आणि बांधून ठेवायचा, एवढंच काम. सही करता करता माझा हात थांबला. चार वेळा सात. त्या घराण्याच्या धाकट्या मुलाची गाडी, पांढरी. पुढचा बंपर, डावा दिवा, काच. कारण लिहिलं होतं, टोंक रोडवर नीलगाय आडवी आली. तारीख रामधनच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशीची. आणि दहा दिवसांनी, पोलीस बंगल्यावर जाऊन आल्यावर, एका ओळीचा अर्ज. दावा मागे घेत आहोत, दुरुस्ती स्वखर्चाने करू.

आत गॅरेजमध्ये काढलेले तीन फोटो होते. एका फोटोत पाटी स्पष्ट होती. वरच्या कोपऱ्यातली ती मोहरीएवढी दोन अक्षरंसुद्धा.

नीलगायी आमच्या दाव्यांत येतात, नाही असं नाही. इकडच्या रस्त्यांवर त्या रोजच्याच. पण नीलगायीला धडकलेल्या गाडीचे पैसे कुणी सोडून देत नाही. तेवढं हुंगायला माझ्यासारखीची गरज नव्हती.

मी फाईल घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या बाळंतपणाच्या रजेवर त्यांनीच सही केली होती, ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला आले होते. त्यांनी फाईल शांतपणे पूर्ण वाचली. मग बंद केली आणि माझ्याकडे सरकवली.

"मैडम, ये क्लेम वापस हो चुका है. बंद फाईल है."

"सर, पर ये वही गाड़ी है."

"आप कैसे कह सकती हैं? नीलगाय लिखा है, नीलगाय होगी." मग म्हणाले, "अपने ही ख़िलाफ़ सबूत हम ढूँढ़ेंगे क्या? उनका वकील माँगे तो दे देंगे. माँगा है उसने?"

त्यांच्या वकिलानं मागितलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं तर मागणार कुठून?

वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, मग तू सांगायचं होतंस. अगदी बरोबर. वकिलाचा फोन नंबर दाव्याच्या पहिल्या पानावर होता. ऑफिससमोर एसटीडीचं दुकान होतं, नाव न सांगता बोलता आलं असतं. पूर्ण गोष्ट सांगायचीही गरज नव्हती. दोन अक्षरं सांगायची, बस. बाकीचं त्यानं केलं असतं.

मी का नाही केलं? नोकरी जाईल म्हणून घाबरले, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. निखिल तेव्हा दहावीला होता, घराचं कर्ज होतं, हे सगळं खरं. पण आज या वयात खरं बोलायचं तर भीती निम्मीच होती. उरलेली निम्मी सवय. बंद फाईल उघडायची नाही, ही सवय. शिवाय मनात खोल कुठंतरी हेही होतं की मी पकडलेला पॉइंट मीच खोटा कशी पाडू. लाज वाटते लिहायला. पण होतं.

मी सही केली. गठ्ठा बांधला. शिपायानं तो रेकॉर्ड रूममध्ये नेऊन टाकला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. गाडी सिद्ध झाली नाही. न्यायाधीशांनी लिहिलं की अर्जदारानं अज्ञात वाहनाच्या योजनेत अर्ज करावा. ती ठरावीक रक्कम तिला मिळाली म्हणे, तीही दीड-दोन वर्षांनी. मी पुन्हा सांगानेरला गेले नाही. चादरी घ्यायच्या असल्या तरी शहरातून घ्यायचे.

निवृत्तीच्या समारंभात माझ्याविषयी चांगलं बोलले सगळे. कुणीतरी तो चार सातांचा पॉइंटही सांगितला, माझी हुशारी म्हणून. टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर मी आंघोळ करून झोपले, ह्यांना म्हटलं डोकं दुखतंय.

हां, तर निखिलचा प्रश्न. त्यानं नंबर घेतलाच. बोली लागली नाही, नुसत्या फीवर मिळाला. गाडी आली, ओवीनं हार घातला, सूनबाईंनी नारळ फोडला. दुसऱ्या रविवारी निखिल म्हणाला, "चल आई, पहिली राइड. तुला कुठं जायचंय?" सूनबाईंच्या माहेरी द्यायला चादरी हव्या होत्या. ती म्हणाली, सांगानेरला जाऊ, तिथं सीधे बनवणाऱ्यांकडून मिळतात. मी काय म्हणणार?

ज्या कारखान्यात गेलो तिथं आठ-दहा बायका लांब टेबलांवर ठसे मारत होत्या. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

"विमावाली मैडमजी?"

कैलाशी. केस पांढरे झालेले, हात कोपरापर्यंत निळे. मला वाटलं, आता ही काय बोलेल. पण ती खुशीत पदराला हात पुसत आली, सूनबाईंना चांगल्या चादरी निवडून दिल्या, ओवीच्या गालाला बोट लावायला गेली आणि बोटाचा रंग बघून मागे घेतलं. मी मुलींचं विचारलं. थोरली आठवीनंतर शाळेत गेली नाही. शेजारच्या टेबलावर ठसा मारत होती तीच. आता तिलाच दोन लेकरं आहेत. धाकटी कॉलेजात जाते, थोरलीच्या कमाईवर.

"छोटी ने मुझे पढ़ना सिखाया," ती अभिमानानं म्हणाली. आता ती माझ्याशी हिंदीत बोलत होती. "अंग्रेजी के सारे अक्षर. छब्बीस के छब्बीस."

आम्हाला पोचवायला ती रस्त्यापर्यंत आली. निखिलच्या गाडीसमोर उभी राहिली, खाली वाकली, आणि निळं बोट पाटीवरून, न टेकवता, सरकवत तिनं वाचायला सुरुवात केली. आर. जे. मग आकडे. मग अक्षरं, एकेक, सावकाश, शाळेत उभं राहून वाचतात तशी. आणि सगळ्यात शेवटी दोन, एक, शून्य, आठ.

"हर गाड़ी की पूरी पढ़ती हूँ अब," ती म्हणाली. "आदत पड़ गई."

निखिल तर खूश. माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ आई, लोक थांबून वाचतात नंबर! पैसे वसूल."

मी गाडीत बसले. ती माझ्या खिडकीशी आली आणि हळूच विचारलं, "मैडमजी, वो पता चला था क्या बाद में? पाँच में से कौनसी थी?"

ती अक्षरं मला आजही पाठ आहेत. माझ्या स्वतःच्या जुन्या स्कूटरची आठवत नाहीत, ती आठवतात. जिभेवर आली होती.

"नहीं," मी म्हटलं. "नहीं चला."

तिनं मान हलवली. "कोई बात नहीं. अब दिखेगी तो मैं पढ़ लूँगी."

गाडी टोंक रोडला लागल्यावर निखिलनं विचारलं, "कोण होत्या या?" मी म्हटलं, एका केसमधल्या साक्षीदार. त्यानं गाणी लावली. मला त्याला पुढंही सांगायचं होतं, ते सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. त्या केसमध्ये आम्ही साक्षीदार दोघी होतो. एकीला अक्षरं येत नव्हती, आणि दुसरीनं सांगितली नाहीत.